नाखव्याने बुडाला भोकं पाडली

नारळी पौर्णिमेच्या सकाळी दयाराम नाखवा नारळ घेऊन खाडीकडे गेला नाही. अंगणातच थांबला, आणि चाकांवर उभ्या असलेल्या पांढऱ्या डब्याच्या पुढच्या पत्र्यावर त्याने हळदकुंकवाची बोटं ओढली. पहिल्या वर्षी हे बघायला कुंपणावर निम्मं गाव जमलं होतं. "नाखवा, डबा पान्यात कवा सोडताय?" असं ओरडून मंडळी हसून हसून लोळली होती. आता कुणी वळूनही बघत नाही. हसणाऱ्या माणसांचीही एक सोबतच असते, हे दयारामला ती हसायची थांबल्यावर कळलं.

डोक्यावरून विमान गेलं. त्याने नारळ फोडला, खोबऱ्याचा एक तुकडा डब्याच्या पायरीवर ठेवला, एक स्वतः खाल्ला. उरलेलं वाटायला घरात कुणी नव्हतं.

हा डबा म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं घर. आत दोन बिछाने, टीचभर ओटा, त्याहून लहान मोरी आणि जाळीच्या खिडक्या. उरण रस्त्यावरच्या एका रिसॉर्टवाल्याने हौसेने आणला होता. रिसॉर्ट बंद पडलं आणि डबा गवतात रुतून बसला. खाडीत भराव पडून मासळी आटली, दयारामला होडी विकावी लागली, त्याच हंगामात त्याने हा डबा घरी ओढून आणला.

"अवं, होडी गेली का मानूस रडतं," त्याची बायको रंभा कपाळावर हात मारून म्हणाली होती. "तुमी डबा आनला?"

"तुलाच तं बिनसमुद्राचं गाव बघायचं व्हतं."

हे मात्र खरं होतं. खाडीकाठी जन्मलेली, खाडीकाठी दिलेली रंभा. मासळी घेऊन पनवेलच्या बाजारापर्यंत जायची आणि परत यायची, एवढंच तिचं जग. तिची एकच इच्छा होती. जिथे वारा खारट नाही, वाळत घातलेलं लुगडं खरोखर कोरडं होतं, असं गाव तिला एकदा बघायचं होतं.

नाखव्याची सवय अशी की कुठलीही वस्तू घेतली की आधी तिचं बूड बघायचं. दयाराम डब्याखाली आडवा झाला आणि चिडूनच बाहेर आला. पत्र्याच्या खालच्या कडेला ओळीने बारीक भोकं होती. "भोकाभोकांचा माल गल्यात मारला रं माझ्या!" त्याच दुपारी त्याने होडीला करतात तसं केलं: प्रत्येक भोकात कापूस ठोकला, वर राळ आणि तेल फासलं. कापसाच्या वाती रंभाने वळून दिल्या. शेवटचं भोक बुजल्यावर तो अंग झटकत उठला. "आता ही दर्यात सोडली तरी बुडायची नाय."

तिथून पुढे डब्याचं वर्ष होडीसारखंच चालायला लागलं. पावसाआधी चाकं जमिनीपासून उचलून दगडांवर टेकवायची, वर ताडपत्री बांधून डबा शाकारायचा. नारळी पौर्णिमेला ताडपत्री सोडायची, गंज खरवडायचा, चाकांत ग्रीस भरायचं, पुन्हा रंग द्यायचा. दर वर्षी निघायचं ठरायचं आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. मुलगी रोशनीचं शिक्षण, मग तिचं लग्न. एकदा चाकांचा ॲक्सल बदलायला डबा कळंबोलीला न्यावा लागला, तेव्हा रंभा हट्टाने आत बसून गेली. ट्रकवाल्यांना खिडकीतून हात करत गेली, आणि परत आल्यावर शेजारणींना सांगत सुटली, "बाई गं, घरात बसून घर चालतं!"

तेवढाच त्यांचा प्रवास. पुढे रंभा आजारी पडली आणि दोन वर्षांपूर्वी गेली. डब्यातला खिडकीकडचा बिछाना तिने जसा लावला होता तसाच राहिला. तिचा वास जाऊ नये म्हणून दयारामने खिडक्या उघडणंच सोडलं.

पौर्णिमेनंतर आठवडाभराने रोशनीचा फोन आला. ती बार्शीला दिलेली. सातवा महिना चालू होता, पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून दयाराम तिची वाट बघत होता. घराला आतून चुना काढून झाला होता.

"बाबा, डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितलाय. पडूनच राहायचं."

"म्हंजे, तू येनार नाय?"

"कशी येऊ? तुम्हीच या ना. सत्यजीतसुद्धा म्हणतोय, वरची खोली रिकामीच आहे."

"लेकीला पोर होयपर्यंत बाप तिच्या घरचं पानी पीत नाय. ठाऊक हाय ना तुला?"

"बाबा! कोण पाळतं हो हे आता?"

"तुझ्या आयनं पाळलं."

रंभाने लेकीचं घर पाहिलंच नव्हतं. लग्न पनवेलला लागलं, आणि 'पोर झालं का जाईन, मंग पोटभर जेवीन' म्हणता म्हणता ते राहूनच गेलं. ज्या गावाला समुद्र नाही असं गाव तिच्या लेकीच्या वाट्याला आलं, तिच्या नाही.

"मग लॉजवर राहणार आहात का?" रोशनीने जरा रडवेल्या आवाजात विचारलं.

"लॉज कशाला? तुला माहेरी येता येत नाय ना, मंग माहेर तुझ्याकडं यील. डबा घेऊन येतो."

पलीकडून पहिल्यांदा हसू आलं. मग आवाज खाली गेला. "बाबा, सुकट आणा. भाजलेली, लसूण घालून. इथे नाव काढायची सोय नाही. सासूबाई माळकरी."

त्या दिवसापासून दयाराम कामाला लागला. चाकं उतरवली, बेअरिंगा रॉकेलमध्ये धुतल्या, नवे टायर घातले. लेकीला चढायला सोपं जावं म्हणून पायरीशी लोखंडी कठडा बसवला. छपरावर सोलरची पाटी आणि आत बाळासाठी हळू फिरणारा पंखा. सगळं एकट्याने. मधेच पाना मागायला मागे हात करायचा, आणि हात तसाच हवेत राहायचा. पाना द्यायची ती रंभा. कोणता पाहिजे हे तिला न सांगता कळायचं. दुपारी तो डब्याच्या पायरीवर बसून भाकरी खायचा आणि मोठ्याने बोलायचा, "पंखा बरा बसला ना?" विमान जायचं. तेवढं उत्तर.

एक दिवस पडद्याची दांडी सरळ करायला तो रंभाच्या बिछान्याशेजारी उभा राहिला, आणि त्याचा पाय जमिनीतून खाली गेला. पोटरीपर्यंत. लागलं नाही, पण तो कितीतरी वेळ तसाच उभा होता, एक पाय घरात, एक पाय घराबाहेर. प्लायवुड ओल्या पावासारखं झालं होतं. छपराच्या फटी तर तो दर वर्षी बुजवत होता, मग पाणी आलं कुठून?

त्याने कळंबोलीच्या शिवाला फोन केला. ट्रकच्या बॉड्या बांधणारा शिवा. ॲक्सल त्यानेच बदलला होता. तो मोटरसायकलवरून आला, टॉर्च घेऊन खाली शिरला आणि थोड्याच वेळात खालूनच हसायला लागला.

"नाखवा, ही भोकं कोणी बुजवली हो?"

"मी. का?"

"अरे देवा!" शिवाने स्क्रूड्रायव्हरने एक बोळा उपसून त्याच्यापुढे धरला. "होडीचं पाणी खालनं येतं नाखवा, डब्याचं वरनं. खिडकीच्या कडेनं भिंतीत उतरतं, भिंतीतनं बुडात. ते जायला ही भोकं ठेवलेली. तुम्ही पाणी बाहेर नाही ठेवलं, आत कोंडलंत. आणि इतकं पक्कं कोंडलंत की, मानलं बुवा!"

तो आणखी हसणार होता, पण दयारामच्या तोंडाकडे बघून थांबला. हातातला बोळा त्याने खिशात टाकला, जणू काही झालंच नाही.

"प्लाय पाठवतो," तो हळू म्हणाला. "माझी माणसं गणपतीला गावी गेलीत, बसवायचं काम तुम्हालाच करावं लागेल. आणि आधी ती भोकं उघडा. नाहीतर नवी जमीनही जाईल."

भोकं उघडायची म्हणजे काय? जुनी राळ दगडासारखी झाली होती, ड्रिलच लागणार होतं. दयाराम मशीन घेऊन डब्याखाली आडवा झाला, टोक पत्र्याला टेकवलं आणि बटण काही दाबवेना. लहानपणी त्याने खेळता खेळता होडीच्या फळीत खिळा ठोकला होता. बापाने आयुष्यात एकदाच त्याच्या कानाखाली वाजवली ती तेव्हा. बुडाला भोक पाडायचं नसतं, हे त्याला वाचायला येण्याआधी कळत होतं.

"रंभे, तुझा कापूस काढतोय गं," तो म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

आधी राळेचा भुगा पडला, मग पाणी. काळं, कोऱ्या चहासारखं, कुबट. एका भोकातून, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. दयाराम बाजूला सरून कोपरावर टेकून बघत राहिला. पाणी बराच वेळ येत होतं. अंगणातून उताराने निघालं आणि तुळशीपाशी जिरलं.

जमीन उचकटताना बिछान्याखालची पेटी निघाली. तिच्यात रंभाने शिवून ठेवलेली दुपटी होती, आपल्या जुन्या लुगड्यांची. रोशनीचं लग्न ठरलं त्याच वर्षी तिने शिवायला घेतली होती. लोक हसतील म्हणून डब्यात लपवून ठेवायची, पण दयारामला ठाऊक होतं. सगळी काळी पडली होती. हात लावला की टाके सुटत होते. त्याने ती भिजवली, घासली, दोरीवर टाकली, पुन्हा भिजवली. वरचं तेवढं एक, हिरव्या काठाचं, धडकं निघालं. त्याच्यावरही एक डाग राहिलाच. बाकीची त्याने परसात पुरली. त्याच्याने जाळवली नाहीत.

'तिनं ही लोकांपासून लपवली, पान्यापासून नाय,' पुरताना त्याच्या मनात आलं. 'पानी मीच आनलं.' हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. कुंपणाशी शेजारची पद्मजा दळण घेऊन जाताना थांबलीही. "काय नाखवा, झाड लावताय का?"

"हां," दयाराम म्हणाला.

नवी जमीन अर्धी बसली होती, वरचा मऊ थर अजून आणायचा होता, आणि दसऱ्याआधीच जावयाचा, सत्यजीतचा फोन आला. दिवस भरायच्या आत मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. रोशनी तुमची वाट बघतेय.

राहिलेल्या फळ्या दयारामने त्याच दिवशी ठोकल्या, कशातरी. सुकटीचा डबा, हिरव्या काठाचं दुपटं आणि पाण्याचा कॅन आत ठेवला, होडीनंतर भाड्याने मासळी वाहायला घेतलेल्या आपल्या पिकअपच्या हुकाला डबा जोडला, आणि पहाटे निघाला. कळंबोली मागे पडली तेव्हा खिडकीतून हात करणारं कुणी नव्हतं.

जुन्या रस्त्याने हळूहळू बोरघाट चढला. शिंगरोबाच्या देवळापाशी पावसाची जोरदार सर आली. त्याने गाडी बाजूला घेतली, देवापुढे नाणं टाकलं आणि भर पावसात वाकून डब्याखाली पाहिलं. प्रत्येक भोकातून पाण्याची बारीक धार लागली होती. आत जाऊन त्याने जमिनीवर तळवा ठेवला. कोरडी होती.

बार्शीला पोचला तेव्हा दुपार झाली होती. सत्यजीतच्या आई, चारुताताई, दारातच उभ्या होत्या. दयारामने डब्यातून पाण्याचा कॅन काढला तशा त्या पुढे झाल्या आणि त्यांनी तो हातातून काढूनच घेतला.

"दयारामभाऊ, नात झाली हो तुम्हाला! आता तरी आमच्या घरचं पाणी चालेल ना?"

एवढी धडपड केली, जमीन बसवली, घाट चढून आला, आणि ही गोष्ट दयारामच्या डोक्यातच आली नव्हती. पोर झालं होतं. रीत संपली होती. डबा आणायची गरजच उरली नव्हती.

"चालंल," तो म्हणाला. त्याने पाणी प्यायलं. दोन तांबे. मग पाटावर बसून पोटभर जेवला, रंभा म्हणायची तसा.

बारसं झालं, आणि डॉक्टरांनी चालायची परवानगी दिल्यावर एका दुपारी रोशनी बाळाला घेऊन अंगणात आली. चारुताताईंनी ती निघताना एवढंच सांगितलं, "उंबऱ्याबाहेर काय शिजतं ते मला दिसत नाही. वास तेवढा पलीकडच्या शेताकडे सोडा."

कठड्याला धरून रोशनी डब्यात चढली. "आले हो माहेरी!" ती म्हणाली. दयारामने लसूण ठेचला, सुकट भाजली, भाकरीबरोबर वाढली. ती बोटं चाटून जेवली, आईसारखीच. नुसत्या फळ्यांच्या जमिनीकडे बघून म्हणाली, "बाबा, हे राहिलंय वाटतं?" मग खिडकीकडच्या बिछान्यावर टेकली, आणि टेकल्या टेकल्या तिला झोप लागली. बाळ हिरव्या काठाच्या दुपट्यात, डागाची बाजू खाली केलेली.

दयाराम पाय न वाजवता बाहेर आला आणि पायरीवर बसला. उद्या निघायचं होतं. पुन्हा घाट, पुन्हा रिकामं अंगण. समोर दोरीवर चारुताताईंची पातळं वाळत होती. तो उठला, आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्याने एका पातळाचं टोक चिमटीत धरलं.

कडकडीत कोरडं होतं.

"खरं व्हतं गं तुझं, असं गाव हाय," तो म्हणाला. कान देऊन तो बराच वेळ उभा राहिला. पाण्याचा आवाज कुठूनच येत नव्हता.