बाबांची वंदना आणि माझं पेडल

अकोल्यात घशाचं ऑपरेशन झाल्यापासून बाबांचा आवाज कुजबुजीएवढाच उरला होता. त्याआधी बडनेऱ्याच्या विहारात वंदना तेच सांगायचे. एका दुपारी मी गिटारला रिव्हर्बचं पेडल जोडून वाजवत होतो. तार थांबली तरी सूर खोलीभर रेंगाळायचा.

"माया आवाजाले लावता येते का हे?" बाबांनी विचारलं.

मी गिटार काढून माईक जोडला. त्यांनी वंदनेची पहिली ओळ म्हटली. फाटका, बारीक आवाज स्पीकरमधून भरून आला आणि सावकाश विरला. बाबा डोळे मिटून ऐकत राहिले.

"हा माया आवाज नाही," ते म्हणाले. "पण चालते. आणखी एकदा लाव."

पुढच्या पौर्णिमेला विहारात ते पुन्हा समोर बसले. लोक त्यांच्यामागून वंदना म्हणत होते आणि मी मान खाली घालून पेडल सांभाळत होतो.