चुलीवरची जुडी

काळ्या कुसळाचं चिकट भात साऱ्या खोऱ्यात एकाच घरी उरलं होतं, पेइलानच्या. बाकीच्यांनी कधीच संकरित बियाणं धरलं. तिचा नवरा शेङफा मात्र हटून बसला. डोंगराच्या सावलीतल्या त्यांच्या गारठलेल्या खाचरात दुसरं काही पिकायचंच नाही. मग त्यानं अंथरूण धरलं, दोन वर्षं खाचर पडीक राहिलं, आणि उरली ती चुलीवर धुरात टांगलेली बियाण्याची एक जुडी.

शेङफा गेला तेव्हा पेइलान प्रेताजवळ बसून होती. सुतकात घरच्या बाईनं चुलीपाशी जायचं नसतं, रांधायला भावकी येते. दुपारी घरभर वास दरवळला. असा घमघमाट दुसऱ्या कुठल्या भाताला?

"मेइचिंग, काय गं शिजवलंस?" ती बसल्या जागेवरून ओरडली.

धाकटी जाऊ हात पुसत आली. "तुमच्या चुलीवरची जुडी कांडली. मयताला घरचंच चिकट भात लागतं. बाजारचा तांदूळ घालू भाऊजींच्या तोंडात? लोक थुंकतील!"

"अगं भवाने, बियाणं होतं ते!"

मेइचिंगचा चेहरा उतरला. तिचं तरी काय चुकलं? रिवाजच तसा. पण काय जाळायचाय असला रिवाज!

"सगळं कांडलंस?"

"मूठभर ठेवलंय. भाऊजींच्या कमरेच्या पिशवीत." पलीकडे जाऊन पेरायला म्हणून मयताबरोबर तेवढं द्यावंच लागतं.

माणसं शवपेटी झाकायला आली. पेइलाननं आत हात घातला आणि पिशवी सोडवून घेतली.

"अहो जाऊबाई, रिकाम्या हातानं धाडता? तिकडे खातील काय?"

"इथं जन्मभर राबले. बसू देत की जरा," म्हणत तिनं पिशवी कमरेला खोचली.

त्यानंतर भावकीतलं कुणी तिच्याशी धड बोलेना. वसंतात तिनं ते भात पेरलं. जुनं बी, बरंचसं कुजलं. उगवलं त्यात उंदरांनी हात मारला. कापणीला हाती आल्या जेमतेम चार-सहा लोंब्या. नव्या भाताची पहिली लोंबी घरच्या मयताची, म्हणून ती थडग्यापाशी गेली.

"अहो, पुरत नाही हो," ती म्हणाली. "सगळंच पेरावं लागेल. अजून एक वर्ष उपाशी राहा."

आणि लोंब्या छातीशी धरून ती रडत घरी निघाली.