उडीबाईंचा उजवा हात

आमच्या शाळेला ऑफिस नाही. तीन खोल्या, एक हॉल आणि हॉलच्या कोपऱ्यात माझं टेबल. मी शाळेची कारकून. माझ्या हजेरीपटावर रोज निदान दोनदा स्पंजचा चेंडू येऊन आदळतो आणि मी ओरडायच्या आत उडीबाई म्हणतात, "अहो, तुम्ही पण झेलायला शिका ना!" सतरा वर्षं हेच चाललंय. शिकले नाही मी, आणि शिकणारही नाही.

उडीबाई हे नाव मुलांनीच ठेवलेलं. चार-पाच वर्षांच्या पोरांना त्या खेळ आणि व्यायाम शिकवतात. दोन्ही पाय एकदम उचलून उडी मारायची, खडूच्या रेघेवरून तोल सांभाळत चालायचं, चेंडू पोटाशी न दाबता हातांत झेलायचा. यात शिकवायचं काय, असं मला वाटायचं. मग एकदा त्यांनी मला एका पायावर उभं राहायला सांगितलं आणि मी थेट फायलींच्या कपाटावर जाऊन आदळले. तेव्हापासून माझी बोलती बंद.

बाई ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, आणि गुडघा असा वाजतो की शेजारच्या वर्गात ऐकू जावा. तरी बेडूक व्हायची वेळ आली की पहिली उडी त्यांची. शिट्टी मात्र कधी वापरत नाहीत. "शिट्टी मारली की कुत्री येतात, मुलं कशाला येतील?" असं त्यांचं म्हणणं.

बाईंची एकच पंचाईत होती. मुलांकडे तोंड करून शिकवायचं म्हणजे आरशासारखं वागावं लागतं. मुलांचा उजवा हात वर व्हायला हवा असेल, तर "उजवा" म्हणत स्वतःचा डावा उचलायचा. नाहीतर मुलं समोर बघून चुकतात. बावीस वर्षं असं करून करून बाईंच्या डोक्यात डाव्यालाच उजवा म्हणायचं पक्कं झालं होतं. रस्त्यात कुणी पोस्ट ऑफिस विचारलं की खुशाल उलट्या दिशेला पाठवत. घरी जिन्यातून कपाट चढवताना त्या "उजवीकडे घ्या" म्हणाल्या आणि नवऱ्याची बोटं कठड्यात अडकली. तो बिचारा आठवडाभर डाव्या हाताने जेवला.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर वरून पत्र आलं. पुढच्या सत्रापासून प्रमाणपत्राशिवाय कुणालाही शिकवता येणार नाही. बाईंकडे प्रमाणपत्र नव्हतं. त्या आधीच्या बाईंच्या हाताखाली शिकलेल्या. आता परीक्षक येऊन तास बघणार होत्या. शंभरपैकी साठ गुण मिळाले तर पास.

"नाहीच झालं तर मुलांचे डबे उघडून द्यायचं काम देऊ तुम्हाला," मुख्याध्यापिका म्हणाल्या. मनाने चांगल्याच आहेत त्या, पण मला त्यांचा असा राग आला!

त्या दुपारी शाळा सुटल्यावर बाई गुंडाळलेल्या मॅटवर बसून होत्या. "डबे मी उघडेन हो," त्या म्हणाल्या. "पण आत पोरं उड्या मारताहेत आणि मी बाहेर, हे कसं जमायचं मला?" मी पत्र पुन्हा वाचायला घेतलं.

गुणांच्या यादीत सहावा मुद्दा वीस गुणांचा होता. डाव्या-उजव्या बाजूचा व्यायाम घेताना शिक्षकाने मुलांकडे पाठ करून, मुलांच्याच दिशेला तोंड करून उभं राहावं. म्हणजे आरशाची भानगड नको. ज्याने हे लिहिलं त्याने चार वर्षांची बावीस मुलं एकत्र कधी पाहिली नसावीत, पण नियम तो नियम. मग आठ दिवस रोज मी लाकडी पट्टी घेऊन बाईंच्या मागे उभी. मी "उजवा!" म्हणायचं, त्यांचा डावा वर जायचा, मग मी त्यांच्या उजव्या हाताला पट्टी टेकवायची. आठव्या दिवशी दहापैकी दहा वेळा बरोबर आलं.

परीक्षक बाई उंच होत्या आणि बोलायला कंजूष. पहिले पाच मुद्दे झकास पार पडले. मग उडीबाईंनी मुलांकडे पाठ केली आणि "उजवा हात वर!" म्हणत उजवाच हात वर केला. मी टाळीच वाजवणार होते.

पण मागची बावीसच्या बावीस मुलं धावत जाऊन त्यांच्या पुढ्यात उभी राहिली. बाई वळल्या. मुलं पुन्हा वळसा घालून पुढे. असं दोनदा झालं.

"मुलं जागेवर राहायला हवीत," परीक्षक म्हणाल्या.

बाईंनी मुलांना हाताला धरून जागेवर उभं केलं आणि पुन्हा पाठ केली. हॉल चिडीचूप झाला. मग दोन शेंड्यांच्या एका मुलीने हळूच विचारलं, "बाई, आम्ही काय केलं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाई मुलांवर कधी ओरडत नाहीत. कुणी कुणाला ढकललं तर त्या फक्त पाठ फिरवून उभ्या राहतात, तो सॉरी म्हणेपर्यंत. त्यांच्याकडे तेवढी एकच शिक्षा. आज ती अख्ख्या वर्गाला झाली होती. मागे एकाने मुसमुसायलाही सुरुवात केली होती.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी विनवलं, वळू नका, वीस गुण आहेत! त्या वळल्या. गुडघा वाजवत खाली बसल्या. "काही नाही केलं रे माझ्या राजांनो. माझंच चुकलं." आणि मग नेहमीसारखं, स्वतःचा डावा हात उंच करून म्हणाल्या, "उजवा!"

परीक्षकांनी कागदावर शून्य काढलं. मला टेबलावरून दिसलं ते, चांगलं वाटोळं होतं. माझं टाळकं सटकलं. "अहो, मुलांना येतं की नाही ते तरी विचारा!" मी उभी राहून म्हणाले. साहेब लोकांशी असं बोलायची माझी पहिलीच वेळ.

परीक्षकांनी मुलांना खिडकीकडे तोंड करायला लावलं. "उजवा हात?" बावीस हात वर. दाराकडे वळवून विचारलं. पुन्हा बावीस, एकही चूक नाही. "आणि बाई, तुमचा?" उडीबाईंनी आनंदाच्या भरात डावा वर केला.

परीक्षक बाई हसल्या. "सहाव्याला शून्यच द्यावं लागणार," त्या म्हणाल्या, "आणि तो मुद्दा बदला असं मी वर लिहिणार." मग बेरीज केली. "बाहत्तर. पास." एवढं बोलून त्या पाठमोऱ्या होऊन पर्स आवरायला लागल्या.

उडीबाई मटकन खाली बसल्या आणि ओक्साबोक्शी रडायला लागल्या. मीही रडत होते, कशाला लपवू? मुलं मात्र घाबरली. दोन शेंड्यांची ती मुलगी परीक्षकांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"तुम्ही आमच्या बाईंवर रागावलात?"

"नाही गं."

"मग त्यांच्याकडे बघा ना."

परीक्षक बाईंनी पर्स खाली ठेवली, वळल्या आणि उडीबाईंच्या समोर फरशीवरच बसल्या.