पाड्यातून बाहेर पडायची वाट

बोईसरला आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो. माझं माहेर सांगलीकडचं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी होते. वायुगळती झाली तर कोणी काय करायचं, याचा आराखडा दरवर्षी लिहावा लागे. पहिली दोन वर्षं मी जुनीच फाइल उघडून फक्त वर्ष बदललं. तिसऱ्या वर्षी ‘शेजारची वस्ती’ या रकान्यापुढचा ‘तुरळक’ हा शब्द खटकला, म्हणून बघायला गेले.

कारखान्यामागे पाडा होता. वीस-पंचवीस घरं, सगळी कुडाची. एका बाजूला आमची भिंत, दुसऱ्या बाजूला शेजारच्या कारखान्याची, मागे सांडपाण्याचा नाला. बाहेर पडायला एकच रस्ता. तो आमच्या भिंतीला चिकटून, क्लोरीनच्या शेडला वळसा घालून फाटकापर्यंत येई.

आमच्याकडे झाडलोट करणारी एक बाई तिथंच राहायची. नवरा वीटभट्टीवर गेलेला, घरात तीन लहान मुलं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. मी तिला आराखड्यातली सूचना वाचून दाखवली. गॅस सुटला तर घरातच थांबा, दारं-खिडक्या लावा, फटींमध्ये ओली फडकी कोंबा. तिने ऐकून घेतलं. मग कुडाच्या भिंतीतून हात आरपार बाहेर काढून दाखवला.

“कुठं कुठं फडकी कोंबू, मॅडम?”

पळायचं झालं तर कुठून पळायचं, असंही तिने विचारलं. मी फक्त तिचा मोबाईल नंबर घेऊन आले.

त्या वर्षीच्या आराखड्यात मी नाल्यावर पायपूल हवा असं लिहिलं. व्यवस्थापकांनी ते पान काढायला लावलं. भिंतीच्या बाहेरचं काम सरकारचं, असं ते शांतपणे म्हणाले. मी सरकारी कचेरीत दोनदा जाऊन आले. तिथं सांगितलं, कारखान्याकडून प्रस्ताव येऊ द्या. तिसऱ्यांदा मी गेले नाही.

थंडी सरत आली होती. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर भोंगा वाजला. क्लोरीनच्या मोठ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह गळायला लागला होता. फाटकाजवळच्या मैदानात उभं राहून हजेरी घ्यायची, हे माझं काम. माणसं येत होती, मी नावापुढे खुणा करत होते. आमची सगळी माणसं बाहेर आली होती. मान वर करून पाहिलं, तर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी फुगून सरळ पाड्याकडे वळलेली होती.

त्या दिवशी ती बाई सुट्टीवर होती, घरीच. दर महिन्याला आम्ही भोंग्याची चाचणी घ्यायचो, त्यामुळे त्या आवाजाने पाड्यात कुणी हललं नसणार हे मला कळत होतं. मी फोन लावला. तीनदा तो वाजून वाजून बंद झाला. चौथ्यांदा तिने उचलला.

“आजचा भोंगा खरा हाय का, मॅडम?”

“खरा आहे. सगळ्यांना हाका मार. रस्त्याने येऊ नका, नाला ओलांडून जा. नाल्यात थांबू नका, गॅस खाली बसतो. पलीकडच्या बांधावर चढा.”

तिच्या मागे कुणीतरी खोकत होतं.

“आनि सासूला?”

तिला उचलायला दोन माणसं लागत, हे मला माहीत होतं.

“आधी पोरं,” मी म्हणाले.

फोन बंद झाला. हातात हजेरीची यादी धरून मी तिथंच उभी राहिले. जावं असं वाटत होतं, पण गेले नाही. तोंडावर श्वसनसंच चढवलेल्या दोन कामगारांनी अर्ध्या तासाने व्हॉल्व्ह बंद केला.

मग मी पाड्यात गेले. शेवग्याची पानं पांढुरकी पडली होती, कोंबड्या मरून पडल्या होत्या. माणसं बांधावर खोकत, ओकत बसली होती. तिची तिन्ही मुलं तिथं होती. मुलांना सोडून ती परत गेली होती, आणि शेजारणीच्या मदतीने तिने सासूला गोधडीत घालून आणलं होतं. म्हातारीच्या तोंडाला फेस होता. दवाखान्यातून ती घरी आली, पण पाठ टेकून झोपणं तिला पुन्हा जमलं नाही. बसल्या बसल्या श्वास ओढायची. दोन महिन्यांनी गेली. कागदावर कारण लिहिलं, वार्धक्य.

कारखान्याच्या अहवालात ‘परिसरातील काहींना डोळ्यांची किरकोळ जळजळ’ असं छापलं होतं. मी लिहिलेलं वाक्य ते नव्हतं. खाली सही माझी लागत होती. मी केली.

म्हातारीचं दिवसकार्य झाल्यावर मी सुनेला भेटायला गेले. माफी मागायची ठरवली होती. पण आधी तीच बोलली.

“आधी पोरं, हे तुमी बोललात ते बरा झाला. नायतर मला बोलाय लागला असता.”

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. मला ते अजून पेलत नाही.

पुढच्या आठवड्यात मी राजीनामा दिला आणि खरं काय घडलं ते माझ्या नावाने लिहून सरकारी कचेरीला कळवलं. चौकशीला दोघे आले, पाड्यात तासभर बसले आणि गेले. नाल्यावर पूल झाला नाही. अधूनमधून मी तिला फोन करते. परवा ती सांगत होती, आता चाचणीचा भोंगा वाजला तरी बायका हातातलं काम टाकून पोरांना कडेवर घेतात, गुडघाभर सांडपाण्यातून पलीकडे जातात आणि आवाज थांबेपर्यंत बांधावर बसून राहतात. पोरांच्या पायांना फोड आलेत. त्यावर काय लावावं, हे विचारायला तिने फोन केला होता.