थोरल्यांची खुर्ची

मिस्त्रींच्या बाहेरच्या खोलीत एक खुर्ची होती आणि ती त्या खोलीला अजिबात शोभत नव्हती. दारातून आत पाऊल टाकलं की आधी तिची ठेच लागायची, मग घरातली माणसं दिसायची. रुंद बैठक, उंच पाठ, आणि हात असे की त्यांवर जेवणाचं ताट ठेवावं. घरातलं कुणी तिच्यात बसत नसे. मिस्त्री लोखंडी स्टुलावर, त्यांची बायको पलंगाच्या कडेला आणि नात उंबऱ्यावर, असं त्या घराचं बसणं ठरून गेलं होतं. एखादा अजाण पाहुणा खुर्चीकडे वळलाच, तर मिस्त्री गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "तिथं नको, पाय डगमगतोय." पाय कसला डगमगतोय. हत्ती बसला असता तरी ती कुरकुरली नसती. पण ती थोरल्यांची खुर्ची होती, आणि वर्षातून एकाच दिवशी त्यांच्याकडून येईल त्याच माणसाने तिच्यात बसायचं, असा मिस्त्रींचा नेम होता.

थोरले म्हणजे गावाबाहेरच्या छावणीतले परदेशी सैनिक. त्यांच्या देशाला नाव होतं, मोठं होतं, पण गावात त्यांना सगळे थोरलेच म्हणत. देश प्रचंड, विमानं प्रचंड, आणि नदीपलीकडच्यांनी आपल्या एवढ्याशा देशाकडे वाकड्या नजरेने बघू नये म्हणून ते इथे येऊन राहिलेले. मिस्त्रींच्या वडिलांनी त्यांच्या बराकींची दारं बसवली होती. तेव्हापासून गावाला एक वाक्य मिळालं होतं, "थोरले आहेत ना." आपल्या सैन्यातली भरती कमी केली, थोरले आहेत ना. बंदुका जुन्या झाल्या, असू देत, थोरले आहेत ना. माणूस एकदा दुसऱ्याच्या छत्रीखाली उभा राहायला शिकला की स्वतःची कुठे ठेवली तेही विसरतो.

मग थोरल्यांनी दूर कुठेतरी स्वतःची लढाई काढली आणि धाकट्यांना म्हणाले, चला. नात्यातलं काम, नाही कसं म्हणणार? मिस्त्रींचा एकुलता एक मुलगा सैन्यात होता, तो गेला. ज्या डोंगरांची नावं गावात कुणाला धड उच्चारता येत नव्हती, तिथल्या एका रस्त्यावर थोरल्यांचा ट्रक पेटला. मुलगा मागच्या गाडीत होता, म्हणजे सुखरूप होता. तो उतरला, पळत पुढे गेला, थोरल्यांच्या एका जखमी शिपायाला ओढून बाहेर काढलं आणि दुसऱ्याला काढायला परत आत शिरला. पहिला शिपाई जगला. इकडे मिस्त्रींच्या सुनेला तेव्हा सातवा महिना होता.

छावणीतून एक साहेब भेटायला आले. पहाडासारखा माणूस. घरात तेव्हा वेताची एक साधी खुर्ची होती, तीत ते बसले, आणि तोंडातून पहिला शब्द निघायच्या आत खुर्ची मोडून साहेब जमिनीवर. खोलीत सगळे जागच्या जागी थिजले. मिस्त्रींची बायको बातमी आल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती. ती हसली. पदर तोंडाला लावून खूप हसली, आणि ते हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते कुणाला कळलं नाही. साहेब तसेच जमिनीवर बसून राहिले, टोपी हातात घेऊन. जाताना म्हणाले, दरवर्षी याच दिवशी आमचा एक माणूस तुमच्या घरी येईल. आम्ही विसरणार नाही.

त्या वर्षी नदीवरचा जुना लाकडी पूल मोडला. त्याच्या तुळया म्हणजे काळं, जड लाकूड, रंधा मारला तर रंध्याचंच पातं बोथट व्हायचं. मिस्त्रींनी त्यातली एक तुळई आणली आणि साहेबांच्या मापाची खुर्ची केली. खिळा एक नाही, सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे. आणि दुसऱ्या वर्षी छावणीतून आली कोण, तर एक बाई, चिमणीएवढी. खुर्चीत बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकेनात. सगळा वेळ ती बिचारी पाय लोंबकळत ठेवून दुःख व्यक्त करत होती.

"देश मोठा म्हणून माणसंही मोठीच असतात, असं तुम्हाला कुणी सांगितलं?" ती गेल्यावर बायकोने विचारलं.

पण खुर्ची लहान करण्याचं मिस्त्रींच्या मनात आलं नाही. साहेब बदलत गेले, उंच, बुटके, जाडे, दरवर्षी नवा. माणूस मात्र दरवर्षी आला.

सुनेने पुढे दुसरं लग्न केलं आणि ती दुसऱ्या गावी गेली. मिस्त्रींनीच तिला जा म्हणून सांगितलं होतं. नात आजी-आजोबांकडे राहिली. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून तिला बारकी म्हणू लागले. आता ती आजोबांच्या डोक्याच्या वर गेली होती, पण नाव बारकीच. आजोबांचा तिच्यावर जीव होता, आणि तो जीव एकाच वाक्यातून बाहेर पडायचा. बारकीने पाण्याची बादली उचलली, दप्तर उचललं, आजोबांच्या सुतारी कारखान्यातली फळी उचलली, की आतून आवाज यायचा, "जड आहे, ठेव खाली." लहानपणी ती ठेवायची. पुढे पुढे "हो आजोबा" म्हणून उचलून न्यायची.

आणि मग थोरल्यांकडे नवा पुढारी आला. टीव्हीवर म्हणाला, दुसऱ्यांच्या दाराशी आम्ही किती वर्षं राखण करत बसायचं? ज्याचं त्याने बघावं. दुसऱ्या दिवशी त्यांची माणसं म्हणाली, तसा अर्थ नव्हता. पुढच्या आठवड्यात पुढारी परत तेच म्हणाला. छावणीतून सामान भरलेले ट्रक बंदराकडे जायला लागले. सराव आहे, असं सांगण्यात आलं. सरावाला कुणी कपाटं आणि पलंग नेतं का? पण गावाला विश्वास ठेवायचा होता, म्हणून गावाने ठेवला. कोपऱ्यावरचा न्हावी तेवढा दाढीचा फेस लावता लावता म्हणाला, "भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय."

सरकारला एकदम जाग आली. आजूबाजूचे आणखी दोन-तीन धाकटे देश एकत्र बसले. थोरला वेगळा निघाला तर आपली चूल आपल्यालाच मांडायला हवी, असं ठरलं. भरती सुरू झाली, स्वखुशीने येतील त्या मुलींनाही घेऊ लागले. फक्त बंदुका नव्हत्या. त्या येईपर्यंत कवायत लाकडी बंदुकांवर करायची असं ठरलं आणि त्याचं काम गावोगावच्या सुतारांना वाटून दिलं. मिस्त्रींच्या कारखान्यात खोक्यांसाठी येतं तसलं पांढरं, हलकं लाकूड येऊन पडलं. मिस्त्री बंदुका कापायचे आणि स्वतःशी पुटपुटायचे, "पोरखेळ नुसता."

अठरा वर्षं पुरी झाली त्या आठवड्यात बारकी कारखान्यात येऊन उभी राहिली. "आजोबा, मी भरतीला जाणार आहे."

मिस्त्रींनी करवत थांबवली नाही. "या घरातून एक गेला. तेवढं पुरे."

"नदीपलीकडचे आले तर घरं मोजून येणार आहेत का, इथला एक गेलाय म्हणून?"

"यायची हिंमत नाही त्यांची. थोरले आहेत."

"आजोबा, थोरले पलंग घेऊन चाललेत."

"आपण त्यांच्यासाठी मुलगा दिला," मिस्त्री म्हणाले. करवत आता थांबली होती. "त्यांनी वचन दिलंय. एक वर्ष चुकले नाहीत ते."

म्हाताऱ्याचं सगळं त्या एका गोष्टीवर उभं होतं, हे बारकीला ठाऊक होतं. आपण त्यांच्यासाठी उभे राहिलो, ते आपल्यासाठी उभे राहतील, म्हणजे मुलगा फुकट गेला नाही. ते काढून घेतलं तर आजोबांकडे काय उरणार, हा विचार येऊन ती खाली वाकून भुसा गोळा करायला लागली. शेवटी मिस्त्रीच म्हणाले, "साहेब येतील तेव्हा मी तोंडावर विचारतो. येऊ म्हणाले, तर तू घरात राहायचंस. नाही म्हणाले, तर तुझं तू बघ. पण तोवर थांब."

"आणि साहेब आलेच नाहीत तर?" आजीने दारातून विचारलं. मिस्त्रींनी पुन्हा करवत चालवायला घेतली.

तो दिवस आला. मिस्त्रींनी खुर्चीला तेल लावलं, धुतलेला सदरा घातला. सकाळ गेली, जेवणं झाली. एरवी साहेब सकाळीच येत, दोन शिपाई आणि फुलांचं चक्र घेऊन. उन्हं कलली तेव्हा दारात एक माणूस दिसला, एकटाच, पायी आलेला. मागच्या वर्षीचेच साहेब होते. थोरल्यांचा साहेब दुसऱ्यांदा आला, असं आजवर घडलं नव्हतं. मिस्त्रींचा चेहरा असा उजळला की बारकीला बघवेना.

साहेब खुर्चीत बसले. आजीने चहा दिला. थोरल्यांची भाषा शाळेत शिकलेली बारकी उंबऱ्यावरून उठून आजोबांच्या शेजारी उभी राहिली, कारण बोलणं इकडून तिकडे तिनेच न्यायचं होतं.

"विचार त्यांना," मिस्त्री म्हणाले. "नदीपलीकडचे आले, तर तुम्ही येणार का?"

तिने विचारलं. साहेबांनी कप खाली ठेवला आणि काहीतरी सांगितलं.

"म्हणतात, दोन्ही देशांची मैत्री पक्की आहे."

"ते छावणीच्या फाटकावर लिहिलंय. मी ते विचारलं नाही."

बारकीने हेही जसंच्या तसं सांगितलं. साहेब बराच वेळ खुर्चीच्या हातावरून अंगठा फिरवत राहिले. मग हळू बोलले, तुकड्यातुकड्याने, आणि तीही तशीच सांगत गेली. "म्हणतात, मी आलो असतो. पण ते माझ्या हातात नाही. वरचे काय करतील, मला माहीत नाही. खोटं सांगणार नाही म्हणतात. छावणी बंद होतेय. पुढच्या वर्षी कुणी येणार नाही, हे कुणीतरी घरी येऊन सांगायला हवं होतं, म्हणून आलो."

एका शब्दात तिला हवं ते वळण देता आलं असतं, आजोबांना हवं तेही देता आलं असतं. तिने दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

"मग माझा मुलगा कशाला गेला होता, ते विचार," आजी पलंगावरून म्हणाली.

बारकीच्या तोंडून ते निघेना. पण म्हातारीच्या चेहऱ्याला दुभाषी लागत नव्हता. साहेबांनी मुलाचं नाव घेतलं, पूर्ण, आणि अगदी बरोबर उच्चारलं. कुठेतरी बसून पाठ केलं असावं.

निघताना भिंतीला टेकवलेली एक लाकडी बंदूक त्यांनी उचलली, हातावर तोलली, बारकीला दोन वाक्यं सांगितली आणि मान खाली घालून बाहेर पडले.

"काय म्हणाले?" मिस्त्रींनी विचारलं.

"सांगितलं तर तुम्हाला वाटेल मीच बनवून सांगतेय."

"सांग."

"म्हणाले, ही फार हलकी आहे. हिच्यावर शिकलेल्या मुलीचे हात खरी बंदूक धरताना पहिल्याच दिवशी गळतील. आणि म्हणाले, त्यांची मुलगी माझ्याएवढीच आहे. ती या गावात असती, तर त्यांनी तिला जड बंदुकीवर शिकवलं असतं."

मिस्त्री स्टुलावरून उठले आणि आत जाऊन आडवे झाले. आजीने खुर्चीशेजारचा कप उचलला. साहेबांनी चहा अर्धाच घेतला होता.

सकाळी बारकी उठली तर बाहेरची खोली एकदम मोठी झाली होती. खुर्ची कारखान्यात आडवी पडली होती आणि आजी एका बाजूने ती धरून बसली होती. मिस्त्री खुंट्यांवर हातोडा घालत होते. सांधे सुटेनात. तुळईच्या तुकड्यांनी इतक्या वर्षांत एकमेकांना घट्ट धरून ठेवलं होतं.

"मोडायचीच होती, तर एवढी पक्की कशाला केली?" आजी म्हणाली.

"तेव्हा मोडायची नव्हती," मिस्त्री म्हणाले.

पाठीचा लांब खांब शेवटी निघाला. दिवसभर त्यांनी तो तासला, घासला. दुपारी बारकीला बोलावून बंदुकीचा दस्ता तिच्या खांद्याला लावून बघितला आणि कानामागची पेन्सिल काढून खूण केली. मुलगा भरती झाला तेव्हा त्याच्या शर्टाच्या बाह्या लांब झाल्या म्हणून त्यांनीच दुमडून दिल्या होत्या. तोच खांदा होता, तसाच किंचित पुढे झुकलेला. त्यांचा हात जरा वेळ तिथेच राहिला.

उन्हं उतरताना बंदूक तयार झाली. काळी, गुळगुळीत आणि खरीसारखी जड. बारकीने ती दोन्ही हातांनी उचलली आणि गावात कवायत शिकवायला येणारे हवालदार दाखवत तशी समोर आडवी धरली. आजोबा स्टुलावर बसून बघत होते. थोड्या वेळाने तिचे दंड थरथरायला लागले. ओठ दाबून ती उभी राहिली. आजी दारात येऊन थांबली होती आणि नवऱ्याकडे बघत होती, कारण आता तो काय म्हणणार हे तिला अठरा वर्षं पाठ होतं.

"आजोबा, जड आहे," बारकी म्हणाली.

मिस्त्रींचे डोळे भरले होते. त्यांनी ते पुसले नाहीत.

"अजून थोडा वेळ धर," ते म्हणाले.