सूर्यमाळच्या चढाला बंद पडणारी गाडी

तिसऱ्या खेपेला भोये गाडीवरून उतरला. किल्ली माझ्यासमोर बाकड्यावर ठेवली.

माझं गॅरेज मोखाड्याच्या नाक्यावर. ही नव्वदनंतरची गोष्ट. भोये आरोग्य खात्यात होता. दर बुधवारी लसीचा डबा मोखाड्याहून सूर्यमाळला पोचवायचा, तिथे सिस्टर पोरांना टोचणार. गाडी जुनी, टू-स्ट्रोक.

"परत?" मी विचारलं.

"परत. पंधरा-वीस किलोमीटर नीट जाते, मंग चढाला मरते. पंधरा मिनटं थांबलो का पयल्या किकला चालू. मागल्या बुधवारी तीनदा थांबलो. बाया नऊपर्यंत वाट बघत बसल्या आनि गेल्या भात कापायला."

"मग उद्या टोचा."

"उद्याचाच एक दिस हाय, मिस्त्री. परवा वीटभट्टीचा ट्रक येतोय. मानसा एकदा भट्टीवर गेली का होळीशिवाय माघारी येत नाय."

पहिल्या खेपेला मी कार्बोरेटर साफ केला होता. कार्बोरेटर पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देतो. त्यातलं जेटचं, म्हणजे पेट्रोल यायचं, भोक सुईच्या टोकाएवढं, कचरा अडकला की गाडी उपाशी. दुसऱ्या खेपेला कंडेन्सर बदलला. पेट्रोल जळायला ठिणगी लागते, आणि ती नीट पडावी म्हणून बोटाच्या पेराएवढी ही डबी बसवलेली असते. जुना कंडेन्सर गार असताना काम करतो, तापला की दगा देतो. "थांबलो की चालू होते" हे ऐकल्यावर मी डोळे मिटून कंडेन्सरवर बोट ठेवलं. दोन्ही वेळा नाक्यावरून एसटी स्टँडपर्यंत फेरी मारली. गाडी ठणठणीत. बंद पडलेली मी तिला एकदाही पाहिली नव्हती.

"उद्या मी मागे बसून येतो," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती.

सकाळी निघालो. दोघांच्या मध्ये लसीचा डबा. खोडाळा मागे पडलं, चढ लागला, आणि गाडीने दोन आचके दिले आणि ती मेली.

"आता बसू पंधरा मिनटं," भोये म्हणाला.

"बसायचं नाही. बिघाड आत्ता हजर आहे. तो जायच्या आत बघायचं."

ठिणगी पाडणारा प्लग काढला, इंजिनाला टेकवला, किक मारली. निळी, कडक ठिणगी. म्हणजे कंडेन्सर निर्दोष. पण प्लग कोरडा होता. ठिणगी आहे आणि प्लग कोरडा, म्हणजे पेट्रोल येत नाही. कार्बोरेटरकडे येणारा पाइप ओढून काढला. दोन थेंब पडले आणि बंद.

"टाकीत पेट्रोल आहे ना रे?"

"बघतो की. मी दर टायमाला पयलं त्येच बघतो." त्याने टाकीचं झाकण फिरवलं.

सुस्स करून हवा आत ओढली गेली आणि माझ्या तळहातावर पेट्रोलची धार लागली.

मी पाइपच्या तोंडावर बोट दाबून धार थांबवली. टाकीतून पेट्रोल खाली उतरायचं तर वरून तेवढी हवा आत जावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं की थोड्या वेळाने टाकी पेट्रोल सोडत नाही. झाकण उलटं केलं. आत रबराचा गोल वॉशर, भोकावर चपखल बसलेला. भादव्यात भोयेच्या टाकीत पावसाचं पाणी जात होतं, म्हणून जुन्या ट्यूबमधून हा वॉशर मीच कापून बसवला होता. पाणी बंद झालं, तेव्हा कारागिरीचं कौतुकही मीच करून घेतलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"भोये, चूक माझी आहे," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

त्याने झाकण माझ्या हातातून घेतलं. "मंजे मी दर टायमाला झाकन उघडून गाडी दुरुस्त करीत होतो?"

"हो. आणि मी बिघडवत होतो."

वॉशर खिशात घातला. गाडी न थांबता वर पोचली. बाया बसून होत्या. पोरांची रडारड सुरू झाली आणि मला बरं वाटलं. तेवढ्यात सिस्टर भोयेला म्हणाल्या, "सोमीचं बाळ राहिलं. ती सोमवारीच दुसऱ्या ट्रकने गेली. मागच्या बुधवारी सगळ्यात पुढे तीच बसली होती."

भोयेने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचे उपकार आहेत. सोमीला मी ओळखतही नव्हतो, पण तो हिवाळाभर कुणाचं तान्हं बाळ खोकलं तरी मला ती आठवायची.

होळीच्या दुसऱ्या दिवशी भोये गॅरेजसमोर थांबला. इंजिन बंदही केलं नाही.

"सोमी आली, मिस्त्री. टोचलं पोराला."

तेव्हापासून पाना उचलण्याआधी मी गिऱ्हाइकाला विचारतो, गाडी बंद पडल्यावर तुम्ही नेमकं काय केलंत? आणि गाडी माझ्या हातची असेल तर त्याच्याही आधी स्वतःला विचारतो, मागच्या वेळी तू हिला काय केलं होतंस?