शिऱ्याचा माफीनामा

बाबांना सकाळी गिरणीच्या गेटवर काय उत्तर मिळतं त्यावर आमची चूल चालायची. बाबा बदली कामगार. कायमचा माणूस गैरहजर असेल तरच मुकादम त्यांना आत घ्यायचा, नाहीतर हात हलवायचा. तो हात हलला की बाबा डबा न उघडता परत यायचे. डब्यात आमच्या ताटापेक्षा एक गोष्ट जास्त असायची, भाजलेल्या सुकटीची चिमूट. ती आई आम्हा तीन भावंडांत वाटून टाकायची. त्यामुळे बाबा लवकर परत आले की माझ्या धाकट्या भावाला आनंद व्हायचा. हे सांगताना आजही लाज वाटते, पण तसंच होतं.

आई दोन घरची भांडी घासायची. आम्ही ठाण्यात चाळीतल्या एका खोलीत राहत होतो. बाहेरच्या जिन्याखाली मोरी आणि तिला चौदा बिऱ्हाडं. रेशनच्या तांदळाला गोणपाटाचा कुबट वास असायचा, कितीही वेळा धुतला तरी भात शिजताना तो खोलीभर व्हायचा. स्वातंत्र्य येऊन तीनेक वर्षं झाली होती, आणि माझ्या लेखी स्वातंत्र्याला तोच वास होता.

मी सातवीची फायनल पास झाले. पहिल्या पाचांत आले. आमच्या घरात सातवीपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. बाबांना सही करता यायची, आईला तीही नाही. पुढे काय, हा प्रश्न आईनेच काढला. टेंभी नाक्याच्या आत एका गल्लीत आमच्या ज्ञातीतल्या शिकलेल्या मंडळींनी हायस्कूल काढलं होतं. हायस्कूल म्हणजे एक जुनी वखार, मध्ये गोणपाटाचे पडदे लावून केलेले चार वर्ग. आठवीत बसून दहावीचं बीजगणित ऐकू यायचं. पण मॅट्रिकपर्यंत वर्ग होते आणि ज्ञातीतल्या गरीब मुलांना नादारी होती. नादारी म्हणजे फी माफ. ती मिळाली तर मी शाळेत, नाही मिळाली तर आईबरोबर तिसऱ्या घरची भांडी. इतकं ते सरळ होतं.

बाबांनी अर्ज दिला. हेडमास्तर म्हणाले, अर्ज ठीक आहे, आता आमच्या कमिटीचे चिटणीस एकदा तुमच्या घरी येऊन जातील.

बाबांनी घरी येऊन एवढंच सांगितलं, की शाळेतले मोठे साहेब आपल्या घरी यायचेत, घर बघायला.

इथे आमची चूक झाली. ती चूक दुसऱ्या कुणी केली नसती. आमच्या गावाकडे चार मोठी माणसं घर बघायला येतात ती एकाच कामासाठी, मुलगी ठरवायला. तेव्हा जे आहे ते पुढे मांडायचं, नसेल ते शेजाऱ्यांकडून आणून मांडायचं, आणि पाहुणा तोंड गोड करून गेला की निम्मं काम झालं. आईला वाटलं, शाळाही तशीच ठरते. घर बरं दिसलं तर पोरीला घेतील, दरिद्री दिसलं तर म्हणतील, असल्या घरची पोर काय शिकणार.

बाबा एकदा चाचरत म्हणाले की आपण नादारीचा अर्ज केलाय, जरा विचार कर.

आई म्हणाली, "विचार कसला? ज्ञातीतला मोठा माणूस पहिल्यांदा दारी येतोय, त्याला काय टमरेलातनं च्या देऊ?"

बाबा गप्प बसले. बाबांचं गप्प बसणं हा आमच्या घरातला कायदाच होता.

शनिवारी आईने खोली शेणाने सारवून घेतली. शेजारच्या काकूंचा पितळी हंडा आणि दोन कळश्या आणल्या, चिंच लावून लखलखीत केल्या आणि दारातून आत आल्या आल्या दिसतील अशा रचल्या. समोरच्या मास्तरीणबाईंच्या कपबशा आल्या. तळमजल्यावरच्या शिंप्याने आपली खुर्ची दिली आणि वरून म्हणाला, "वहिनी, एक पाय जरा डळमळतोय, साहेबांना सांभाळून बसवा, नाहीतर पोर शाळेत जायच्या आधी साहेबच खाली जायचे." काकूंनी आईला आपलं हिरवं लुगडं नेसवलं. माझ्या कानात त्यांच्या सुनेच्या कुड्या.

मग शिरा. साखर रेशनवर होती. तीन बिऱ्हाडांनी आपापल्या वाट्यातली थोडी थोडी साखर आणून दिली. तूप आईने जिथे भांडी घासायची तिथल्या बाईंकडून वाटीभर मागून आणलं. शिरा परतत असताना माझे दोघे भाऊ दारात नुसता वास घेत उभे होते, आणि आई त्यांना उलथन्याने लांब ढकलत होती.

चिटणीस रविवारी दुपारी आले. एका वकिलाकडे हे गृहस्थ कारकून होते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, काखेत खतावणीसारखी एक वही. दारात थबकून त्यांनी आधी हंडा बघितला, मग कळश्या, मग आईचं लुगडं. खुर्चीत बसले. आईने शिरा पुढे केला.

त्या माणसाचं खाणं मी अजून विसरलेले नाही. चमचा होता, पण ते बोटांनी खात होते. प्रत्येक घासानंतर अंगठा चोखायचे, अगदी आवाज करून. बशी रिकामी झाली की नको नको म्हणत ती पुढे धरायचे. दोनदा घेतला. मिशीला लागलेलं तूप जिभेने टिपलं. माझे भाऊ भिंतीला टेकून ती बशी वर जाताना आणि खाली येताना बघत होते. भांड्यात काही उरलं नाही. तोंड पुसून झाल्यावर त्यांनी वही उघडली.

"छान आहे. खाऊन-पिऊन सुखी दिसता," ते आईला म्हणाले.

"तुमच्या आशीर्वादानं," आई म्हणाली.

मुलगी बघायला आलेल्यांना हेच म्हणायचं असतं.

मग त्यांनी दागिन्यांचं विचारलं. आईच्या दोन पाटल्या कधीच विकल्या होत्या. आई म्हणाली, आहेत की, गावाला ठेवल्यात. शेती? आहे थोडी. शेती चुलत्यांनी केव्हाच घशात घातली होती. बाबा जमिनीवर बसून होते, त्यांनी एकदाही मान वर केली नाही. चिटणीस लिहीत राहिले. जाताना आईने त्यांच्या हातावर सुपारी ठेवली. ते जिना उतरल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "झालं गो तुझं काम." आणि काकूंचा हंडा परत करायला निघाली.

शाळा सुरू झाली त्या दिवशी प्रार्थनेनंतर हेडमास्तरांनी नादारांची यादी वाचली. त्या शाळेची रीतच होती. प्रत्येक नादार मुलाने आपलं नाव आलं की उभं राहायचं, समोर खुर्च्यांवर बसलेल्या कमिटीच्या सभासदांना नमस्कार करायचा आणि खाली बसायचं. एकेक मूल उठत होतं, हात जोडत होतं, कमिटीची मंडळी माना डोलवत होती. बाजारात गुरं बघताना डोलवतात तशा. मला त्याची किळस आली. आणि तरीही मी जीव मुठीत धरून माझ्या नावाची वाट बघत होते. किळस येत असताना त्याच गोष्टीसाठी आशेने बसावं लागणं, याच्याइतकं घाण काही नाही.

माझं नाव आलं नाही. यादी संपल्यावर मी उठून विचारलं. हेडमास्तरांनी कागद बघितला. "परिस्थिती बरी, असा शेरा आहे. फी भरा आणि वर्गात बसा." मग मुलांकडे बघत म्हणाले, "आमच्या चिटणीसांनी साजूक तुपातला शिरा खाल्लाय यांच्याकडे, रेशनच्या दिवसांत." मुलं हसली. खुर्चीवरचे चिटणीसही हसले. मी पाटी-दप्तर उचलून घरी आले.

आईला मी जे बोलले ते इथे लिहिते, कारण या सगळ्यात मी काही स्वच्छ नव्हते. मी तिला म्हणाले, तुला अक्कल नाही, तुझ्या शिऱ्याने माझं वाटोळं केलं. त्या रविवारी ती फाटक्या लुगड्यात, राख माखलेल्या हातांनी दारात बसायला हवी होती, असं मला वाटलं. माझ्या आईने आणखी घाण दिसायला हवं होतं, असं मला वाटलं. चिटणीसांची वही मला इतकी लवकर शिकवून गेली.

आईने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग उठली आणि शेजारच्या दारात गेली.

शनिवारी शाळा सुटल्यावर कमिटीची बैठक असायची. आई तिथे गेली ती एकटी नाही. बरोबर हंडा घेतलेल्या काकू, कपबशांच्या मास्तरीणबाई, आणि दुकान बंद करून खुर्चीसकट आलेला शिंपी. मागे बाबा आणि मी. पाच सभासद, मध्ये चिटणीस. आईने सांगितलं, त्या दिवशी साहेबांनी जे बघितलं त्यातलं आमचं काही नव्हतं. मग काकूंनी सांगितलं, हंडा-कळश्या माझ्या, लुगडंही माझं. मास्तरीणबाई म्हणाल्या, कपबशा माझ्या, एका बशीचा टवका उडालाय, साहेबांना आठवेल. शिंप्याने खुर्ची खाली ठेवली आणि म्हणाला, बसून बघा, तोच पाय डळमळतोय. साखर कुणाकुणाची तेही सांगून झालं. चाळीतल्या माणसांनी आमची गरिबी अशी एकेक वस्तू उचलून टेबलावर मांडली, आणि ती पाच माणसं खटला चालल्यासारखी ऐकत होती. एक डॉक्टर सभासद होते, त्यांना हसू आवरेना.

चिटणीसांना हसू आलं नाही. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही कमिटीला फसवलंत."

आई म्हणाली, "फसवलं नाय साहेब. तुम्ही पाहुणे म्हणून आलात असं समजले."

क्षणभर मला वाटलं, यांना लाज वाटेल. लाज वाटायला जे लागतं ते त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी आपसांत बोलून ठरवलं की नादारी द्यायला हरकत नाही, पण खोटी माहिती दिल्याबद्दल आईने लेखी माफी मागावी, ती दप्तरी राहील. आईला लिहिता येत नाही म्हटल्यावर चिटणीसांनी माझ्याकडे बोट दाखवलं. हिला पहिल्या पाचांत नंबर आहे ना, ही लिहील.

मी टेबलाशी उभी राहून लिहिलं. ते सांगत गेले. आम्ही कमिटीची दिशाभूल केली. दुसऱ्यांच्या वस्तू आपल्या म्हणून दाखवल्या. गोडधोड करून परिस्थितीबाबत गैरसमज निर्माण केला. यापुढे असं वर्तन घडणार नाही. ते सांगत असताना मला त्यांचा तो अंगठा दिसत होता, चोखलेला. मी थांबले तर चिटणीस तेच वाक्य पुन्हा सांगत, वर्गात शुद्धलेखन घालतात तसं. आई शेजारी उभी होती. लिहून झाल्यावर तिचा अंगठा शाईत बुडवून कागदावर उमटवला. बाबा तेव्हाही गप्प होते, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांच्या गप्प बसण्याचाही तिटकारा आला.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, काय काय लिवलंस. मी सगळं सांगितलं, एकही वाक्य गाळलं नाही. मला तिला दुखवायचंच होतं बहुतेक.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अक्षर चांगलं काढलंस ना?"

सोमवारपासून मी वर्गात बसले. पुढची तीन वर्षं दर जूनमध्ये नाव आलं की उभी राहिले, हात जोडले, खाली बसले. चिटणीस समोरच असत. हात जोडताना मी त्यांच्याकडे बघत नसे, त्यांच्या मागच्या गोणपाटाकडे बघत असे. पुढे त्याच मंडळींनी माझ्या यशात शाळेचा वाटा आहे असं कुठे कुठे बोलून दाखवलं. वाटा आहेच. शिकवणाऱ्या मास्तरांचा आहे आणि तो मी मान्य करते. कमिटीचा नाही. मदत करणारे लोक किती प्रकारे किळसवाणे असू शकतात हे मी तिथे शिकले, आणि त्याबद्दल आभार मानायची मला अजून गरज वाटलेली नाही.

मी मॅट्रिक झाले, पहिल्या फटक्यात, सेकंड क्लास. त्यानंतर कुणापुढेही नादारीचा अर्ज केला नाही. सकाळी कॉलेज केलं, दुपारी एका कचेरीत टाइप करायची नोकरी केली, फी स्वतः भरली आणि चार वर्षांनी बी.ए. झाले. आईच्या आणि बाबांच्या, दोन्ही घराण्यांत पदवी घेतलेली मी पहिली.